पेग ०.५ दिसतोय, तरी बाजार भाव का देत नाही?

सातपूरकर (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. इथे बरीच वर्षं वाचतोय, धागा पहिल्यांदाच काढतोय.

मी नाशिकला सातपूर एमआयडीसीत क्वालिटी विभागात आहे. दिवाळीच्या बोनसमधले दीड लाख शेअरमध्ये घालायचे ठरवलंय आणि महिनाभर दोन कंपन्यांवर अडकलोय. नावं मुद्दाम देत नाही, नाहीतर चर्चा नावांवरच जाते.

क कंपनी: भाव १,७९८, मागच्या बारा महिन्यांचा ईपीएस (प्रति शेअर नफा) ३१. म्हणजे पीई (भाव भागिले ईपीएस) ५८. तीन वर्षांत ईपीएस वर्षाला सरासरी २४ टक्क्यांनी वाढलाय.

ख कंपनी: भाव ५८८, ईपीएस ४२, पीई १४. तीन वर्षांपूर्वी ईपीएस २० होता. चक्रवाढीने वर्षाला २८ टक्के वाढ.

पीईला वाढीच्या टक्क्याने भागलं की पेग येतो. क चा पेग २.४, ख चा ०.५. पेग एकच्या खाली म्हणजे स्वस्त, असं सगळीकडे वाचलंय. मग वाढ जास्त असूनही बाजार ख ला १४ आणि क ला ५८ का देतो? बाजार चुकतोय की माझं काही सुटतंय? ख डोळे मिटून घ्यावी का?

---

इंडेक्सप्रेमी

डोळे मिटून घ्यायचंच असेल तर निफ्टीचा इंडेक्स फंड घ्या. दीड लाखासाठी एवढी डोकेफोड कशाला?

---

निळावंती

@इंडेक्सप्रेमी, प्रत्येक धाग्यावर हेच. त्यांना शिकायचंय, शिकू द्या की. नाशिकच्या कारखान्यात राबून मिळवलेले दीड लाख आहेत, डोकेफोड करायलाच हवी.

सातपूरकर, पहिला प्रश्न. ख कुठल्या धंद्यात आहे? नाव नको, धंदा सांगा. पोलाद, साखर, रसायनं असं काही असेल तर तो ०.५ विसरून जा. टाटा स्टीलचे आकडे सगळ्यांसमोर आहेत. २०२०-२१ मध्ये एकत्रित (उपकंपन्या धरून) नफा साधारण ८,२०० कोटी, २०२१-२२ मध्ये ४१,७०० कोटींच्या पुढे. वाढ चारशे टक्क्यांच्या वर आणि पीई चारच्या आसपास. पेग काढलात तर ०.०१ येतो! जगातला सगळ्यात स्वस्त शेअर म्हणायला हवा. पुढच्या वर्षी नफा परत ८,००० कोटींवर आला आणि २०२३-२४ मध्ये तर एकत्रित खात्यात तोटा दिसला. कंपनीने काही लपवलं नव्हतं. पोलादाचा भाव वर गेला होता, तो खाली आला, इतकंच. बाजाराला ते आधीच दिसत होतं म्हणून पीई चार होता.

---

सातपूरकर

धन्यवाद निळावंती. ख अभियांत्रिकी वस्तू बनवते. पंप आणि व्हॉल्व्ह. तेजी-मंदीच्या चक्रात फार अडकणारा धंदा वाटत नाही.

---

बागायतदार_देवगड

शेअरमधलं मला फारसं कळत नाही, पण हा हिशोब आमच्याकडे आजोबांच्या वेळेपासून चालत आलाय म्हणून लिहितो.

हापूस एक वर्ष भरभरून धरतो आणि दुसऱ्या वर्षी रुसतो. मुंबईचा कोणी बाग बघायला आला आणि नेमका चांगल्या वर्षी आला, की झाडं लगडलेली बघून म्हणतो, एवढ्या पेट्या निघतात आणि किंमत एवढीच? लगेच व्यवहार करू. जाणता माणूस मागच्या पाच-सहा वर्षांच्या पेट्यांची वही मागतो. निळावंतीताईंचा पोलादाचा हिशोब म्हणजे हाच.

दुसरी गोष्ट. मोहोर यावा म्हणून हल्ली मुळाशी कल्टार घालतात. त्याने रुसलेलं झाडही धरतं. बेताने, झाडाला वर्षाआड विश्रांती देऊन घातलं तर ठीक. पण काहीजण कराराने बाग घेतात, तीन वर्षं मोजून माप घालतात आणि झाड पिळून परत देतात. त्या तीन वर्षांची वही बघितलीत तर उत्पन्न दर वर्षी चढतं दिसेल. मला बाग विकत घ्यायची असेल तर मी आधी झाडाच्या शेंड्याकडे बघतो. नवी पालवी लांब येतेय की आखूड आणि गुच्छात आलीय. आखूड पालवी म्हणजे झाड थकलंय.

कंपनीच्या झाडाचा शेंडा कुठे बघायचा ते तुम्ही जाणकारांनी सांगा.

---

एडिसनचा_पुणेकर

वा! बागायतदार, तुमचा प्रतिसाद प्रिंट काढून ठेवावा असा आहे.

पेग आला कुठून तेवढं सांगतो. ब्रिटनमध्ये जिम स्लेटरने आणि इकडे अमेरिकेत पीटर लिंचने तो लोकप्रिय केला. लिंच १९७७ ते १९९० फिडेलिटीचा मॅगेलन फंड चालवत होता आणि त्या काळात फंडाने वर्षाला सरासरी २९ टक्क्यांच्या आसपास परतावा दिला. त्याचं म्हणणं साधं होतं. योग्य भावातल्या कंपनीचा पीई तिच्या वाढीच्या दराइतका असतो. लाभांश देणाऱ्या कंपनीसाठी तो वाढीत लाभांशाचा टक्काही मिळवायचा. हा भाग लोक विसरतात आणि १० टक्के वाढ अधिक ५ टक्के लाभांश देणारी कंपनी उगाच महाग ठरवतात.

पण एक लक्षात घ्या, त्या काळात इथे व्याजदर काय होते! १९८१ मध्ये दहा वर्षांच्या सरकारी रोख्यावर १५ टक्क्यांच्या पुढे व्याज मिळत होतं. व्याजदर बदलला की योग्य पीई बदलतो, पेगच्या सूत्रात मात्र व्याजाला जागाच नाही. तेव्हा "एकच्या खाली स्वस्त" ही काही दगडावरची रेघ नाही.

---

इचलकरंजीवाला

आमच्याकडं यंत्रमागाचा धंदा विकायला निघाला की पहिला प्रश्न असतोय, 'नफा मागाचा का जागंचा?' रस्त्याकडंची जागा भाड्यानं दिल्याली असतीय, माग बंद पडल्यालं असतात, आणि वहीत नफा झ्याक दिसतोय.

सातपूरकर भाऊ, ख कंपनीचा नफा पंपाचा हाय का जागंचा, तेवढं बघा की.

---

ताळेबंद_ताई

इचलकरंजीवाला, अगदी नेमकं बोट ठेवलंत. मी सीए आहे, थोडं सविस्तर लिहिते.

पेगमध्ये दोन आकडे आहेत, पीई आणि वाढ. गंमत अशी की ईपीएस दोन्हीकडे येतो. एका वर्षाचा ईपीएस कुठल्या तरी कारणाने फुगला की पीई खोटा कमी दिसतो आणि वाढ खोटी जास्त दिसते. म्हणजे एकाच चुकीची शिक्षा दोनदा. म्हणून पेग फार कमी दिसला की मला आनंद होत नाही, मी वार्षिक अहवाल उघडते.

फुगण्याची कारणं बहुतेक ठरलेली असतात. जमीन विकली, उपकंपनी विकली, जुना कर परत मिळाला. बॉम्बे डाइंगने २०२३ मध्ये वरळीची सुमारे २२ एकर जमीन ५,२०० कोटींना विकायचा करार केला. त्या वर्षीचा नफा घेऊन कोणी पीई काढला तर तो कापडाच्या धंद्याबद्दल काय सांगणार? कंपनी हा आकडा 'अपवादात्मक बाबी' या ओळीत वेगळा दाखवते. पण संकेतस्थळावरची शेअर निवडायची गाळणी तो बऱ्याचदा गाळत नाही.

दुसरं उदाहरण जास्त फसवं, कारण त्यात अपवादात्मक ओळच नसते. २० सप्टेंबर २०१९ ला कंपनी कर कमी झाला. सवलती सोडणाऱ्या मोठ्या कंपन्यांचा दर ३४.९४ वरून २५.१७ टक्क्यांवर आला. करापूर्वीचा नफा १०० रुपयेच राहिला तरी हातात ६५.०६ ऐवजी ७४.८३ राहिले. एकही पंप जास्त न विकता निव्वळ नफ्यात १५ टक्के वाढ! नंतर दोन-तीन वर्षं लोक त्या वाढीवर पेग काढत होते. ती वाढ एकदाच मिळते, पुढच्या वर्षी पुन्हा मिळत नाही. म्हणून मी वाढ मोजताना विक्री, करापूर्वीचा नफा आणि ईपीएस, तिन्ही शेजारी मांडते. तिन्ही साधारण एका चालीने चालले पाहिजेत.

आणि बागायतदार, झाडाचा शेंडा म्हणजे रोख प्रवाहाचं पत्रक. नफा वर्षाला २५ टक्क्यांनी वाढतोय, पण धंद्यातून येणारी रोकड आहे तिथेच आहे आणि येणी (गिऱ्हाइकांकडून यायचे पैसे) फुगतायत, म्हणजे पालवी आखूड आलीय.

---

गुपचूप_वाचक

खूप छान धागा. वाचनखूण साठवली आहे.

---

कल्याण_लोकल

मला वेगळी बाजू मांडायची आहे. सगळे ख च्या मागे लागलेत, क बद्दल कोणीच बोलत नाही. पेग २.४ म्हणून क ला महाग ठरवून सोडून देणं मला पटत नाही. चांगली कंपनी नेहमी महागच मिळते. २४ टक्के वाढ टिकली तर पीई ५८ काय आणि ४८ काय, पाच-सात वर्षांत काही फरक पडत नाही.

---

निळावंती

@कल्याण_लोकल, फरक पडतो, गणित करून बघा. तुमच्यासाठी उदार होऊन २५ टक्के वाढ धरते.

ईपीएस १०, पीई ६०, भाव ६००. पाच वर्षं बिनचूक २५ टक्के वाढ झाली, ईपीएस ३०.५ झाला. तोवर कंपनी मोठी झाली, वाढ मंदावायला लागली आणि बाजाराने पीई ३० केला. भाव ९१५. पाच वर्षांत वर्षाला ८.८ टक्के. म्हणजे कंपनीने दिलेला शब्द पाळला, धंदा तिप्पट केला, आणि तुमच्या हातात मुदत ठेवीपेक्षा थोडं जास्त आलं.

दुसरी कंपनी. ईपीएस १०, पीई २०, भाव २००, वाढ फक्त १५ टक्के. पाच वर्षांनी ईपीएस २०.१, पीई तोच २०, भाव ४०२. वर्षाला १५ टक्के.

पहिलीचा पेग २.४, दुसरीचा १.३३. पेग हाच धोका सांगत असतो. वाढीसाठी आगाऊ किती पैसे मोजलेत ते.

---

कल्याण_लोकल

गणित बरोबर आहे. पण पीई ६० वरून ३० झालाच पाहिजे असं कुठे आहे? वर्षानुवर्षं ५०-६० वर टिकलेल्या कंपन्या आपल्या बाजारात आहेत.

---

भिडे_काका

आहेत. तशाच वर्षानुवर्षं भाव न हललेल्याही आहेत. हिंदुस्तान लीव्हरचंच (आताची हिंदुस्तान युनिलिव्हर) उदाहरण बघा. साबणापासून चहापर्यंत घराघरात माल, व्यवस्थापन उत्तम, कर्ज नाही. पण २००० साली जो भाव होता त्याच्या आसपासच २०१० मध्ये होता. सुरुवातीचा पीई चढा आणि नफ्याची वाढ मंद, एवढं कारण दहा वर्षं खाऊन गेलं.

आणि खरोखर वाढणाऱ्या कंपनीचं उदाहरण हवं असेल तर इन्फोसिस. १९९९-२००० मध्ये नफा ३०० कोटींच्या आत होता, २००४-०५ मध्ये १,८०० कोटींच्या वर गेला. पाच वर्षांत सहापट! अशी वाढ किती कंपन्यांना जमते? तरी मार्च २००० च्या शिखराला शेअर घेतलेल्याला मुद्दल परत दिसायला सहाएक वर्षं लागली, कारण तेव्हा पीई शंभराच्या कितीतरी वर होता. मधे एप्रिल २००३ मध्ये कंपनीने पुढच्या वर्षाचा अंदाज थोडा कमी दिला तर शेअर एका दिवसात पंचवीस टक्क्यांहून जास्त पडला.

मी तेव्हा बाजारात होतो. दुसऱ्याच एका सॉफ्टवेअर कंपनीत प्रॉव्हिडंट फंडातून उचललेले ऐंशी हजार घातले होते. कचेरीत दुपारच्या डब्याला सगळे पेपर उघडून भाव बघायचे. मी वहीत लिहिलं होतं, "वाढ १०० टक्के, पीई ९०, म्हणजे अजून स्वस्त." ती वही आजही कपाटात आहे. ऐंशी हजारांचे शेवटी नऊ हजार आले. मुलीच्या अकरावीची फी त्या वर्षी मेहुण्याकडून घेऊन भरली.

म्हणून सांगतो, सातपूरकर. १०० टक्के वाढ आणि पीई ९० हा पेग ०.९, आणि १५ टक्के वाढ आणि पीई १३.५ हाही पेग ०.९. दोन्ही एक नव्हेत. शंभर टक्क्यांची वाढ कोणाचीच फार दिवस टिकत नाही. मी २५ च्या वरची वाढ पेग काढताना धरतच नाही. कंपनी ४० ने वाढत असली तरी माझ्या वहीत २५.

---

कल्याण_लोकल

काका, हा अनुभव इतका मोकळेपणाने लिहिलात त्याबद्दल मनापासून आभार. माझ्याकडे २०२० नंतरचाच अनुभव आहे. तेव्हापासून पडझड झाली की सहा महिन्यांत भाव परत वर, एवढंच पाहिलंय. २५ ची मर्यादा मीही वापरून बघतो.

---

एडिसनचा_पुणेकर

काकांच्या २५ ला +१. आणि तळालाही मर्यादा हवी. आधी तोटा असेल किंवा नफा अगदी नगण्य असेल तर वाढीचा टक्का निरर्थक होतो. स्टेट बँक बघा. २०१७-१८ मध्ये सुमारे ६,५०० कोटींचा तोटा, २०१८-१९ मध्ये ८६२ कोटी नफा, २०१९-२० मध्ये १४,४८८ कोटी. टक्केवारीत ही वाढ दीड हजारावर जाते! प्रत्यक्षात बुडीत कर्जांसाठी बाजूला काढायची रक्कम कमी झाली होती. बँकांना पेग लावूच नये असं माझं मत. तिथे पुस्तकी मूल्य आणि कर्जांची प्रत बघावी.

कोविडच्या २०२०-२१ पासून वाढ मोजणाऱ्यांनाही हीच सूचना. पाया खड्ड्यात असेल तर घर उंच दिसणारच.

---

ताळेबंद_ताई

अजून दोन गोष्टी राहिल्या होत्या.

वाढ ईपीएसची मोजा, एकूण नफ्याची नको. नफा ५० टक्के वाढला, पण कंपनीने नवे शेअर काढून शेअरसंख्या ३० टक्क्यांनी वाढवली, तर तुमच्या वाट्याला साधारण १५ टक्केच वाढ आली. एकल आणि एकत्रित आकडेही मिसळू नका. एनएसईने ३१ मार्च २०२१ पासून निफ्टीचा पीई एकत्रित नफ्यावर काढायला घेतला तेव्हा तो एका रात्रीत चाळीसच्या आसपासवरून तेहतीसच्या आसपास आला. बाजार तोच, कंपन्या त्याच, फक्त छेद बदलला.

आणि वाढीला भांडवल किती लागतं ते बघा. दोन कंपन्या, दोघींची वाढ १५ टक्के, दोघींचा पीई २२. एकीला भांडवलावर ३० टक्के परतावा मिळतो, ती अर्धा नफा धंद्यात घालून १५ टक्के वाढते आणि उरलेला अर्धा तुम्हाला देऊ शकते. दुसरीला १५ टक्केच मिळतो, तिला सगळा नफा परत यंत्रांत घालावा लागतो. पेग दोघींचा सारखाच! क चा पीई ५८ असण्यामागे हेही एक कारण असू शकेल, म्हणून कल्याण_लोकल यांचा मुद्दा अगदीच सोडून देऊ नका.

---

इंडेक्सप्रेमी

मी सुरुवातीला तुटक लिहिलं, पण सगळं वाचलं. चर्चा आवडली. भिडेकाकांचा प्रतिसाद घरी वाचून दाखवला.

---

सातपूरकर (धागाकर्ता)

मंडळी, चार दिवस गायब होतो. सेकंड शिफ्ट होती. सकाळी उठून ख चे तीन वर्षांचे वार्षिक अहवाल उतरवून घेतले.

इचलकरंजीवाला, नफा जागेचाच निघाला! मागच्या वर्षी जुन्या कारखान्याची जमीन विकली आहे. अपवादात्मक बाबींच्या ओळीत आकडा आहे, शेअरसंख्येने भागलं तर प्रति शेअर २० रुपये. ४२ मधून २० गेले की धंद्याचा ईपीएस २२. तीन वर्षांत २० वरून २२, म्हणजे वर्षाला ३.२ टक्के. पीई २६.७. पेग आठच्या वर! मी ०.५ म्हणत होतो.

आम्ही कुठलाही गेज हातात घेतला की आधी कॅलिब्रेशनचं स्टिकर बघतो, तारीख उलटली असेल तर त्या गेजने एकही जॉब पास करत नाही. इथे मात्र संकेतस्थळावरचा आकडा तसाच उचलला होता.

---

ताळेबंद_ताई

शाब्बास, फार कमी लोक अहवाल उघडतात. पण थोडं थांबा. अपवादात्मक बाबीचा आकडा करापूर्वीचा असतो. त्या २० रुपयांवरचा कर खालच्या कराच्या ओळीत आधीच वजा झालाय. तुम्ही पूर्ण २० काढून टाकलेत, म्हणजे धंद्यावर अन्याय झाला. टिपांमध्ये त्या विक्रीवरचा कर वेगळा दिलेला असेल, तो शोधा आणि २० मधून वजा करून मगच काढा.

---

सातपूरकर (धागाकर्ता)

सापडला ताई. प्रति शेअर ४ रुपये कर. म्हणजे काढायचे १६. धंद्याचा ईपीएस २६, पीई २२.६, तीन वर्षांची वाढ ९.१ टक्के, पेग २.५.

आणि क चा २.४! महिनाभर ज्या दोघींत जमीन-अस्मानाचा फरक वाटत होता त्यांचा पेग जवळजवळ सारखा निघाला. बाजार ख ला १४ देतच नव्हता, २२.६ देत होता.

विक्री आणि करापूर्वीचा नफाही मांडले. ख ची विक्री वर्षाला ८ टक्के वाढलीय, म्हणजे ९ ची वाढ खरी दिसते. क ची विक्री २१ टक्के, नफा २४ टक्के. पण क ची येणी दोन वर्षांत ५८ दिवसांवरून ९१ दिवसांवर गेली आहेत.

---

बागायतदार_देवगड

५८ वरून ९१? पालवी आखूड.

---

कल्याण_लोकल

हे मलाही खटकलं. क ची बाजू मी घेत होतो, पण ९१ दिवसांचं कारण कळल्याशिवाय मी तरी घेणार नाही. तिमाही निकालानंतरच्या कॉलचा मजकूर कंपनी शेअर बाजाराकडे देते, त्यात विश्लेषकांनी येण्यांबद्दल विचारलेलं असणार. मी आज रात्री शोधतो.

---

भिडे_काका

सातपूरकर, बोनसचे पैसे तूर्त बचत खात्यात राहू द्या. ख च्या जमिनीचे पैसे कुठे गेले तेही बघा. कर्ज फेडलं, नवा कारखाना घातला की लाभांश दिला? नवा कारखाना असेल तर ९ टक्क्यांचे पुढे १५ होऊ शकतील, आणि मग हा २.५ पुन्हा काढावा लागेल.

---

सातपूरकर (धागाकर्ता)

काका, नवा कारखाना आहे. दिंडोरीजवळच घातलाय, उत्पादन पुढच्या जूनमध्ये सुरू होणार असं अहवालात लिहिलंय. रविवारी मोटरसायकलवरून जाऊन बघून येतो, शेड कुठपर्यंत आलीय ते इथेच लिहितो.